सल्लागाराच्या खुर्चीत कोण बसले आहे?

अमेरिकेतील जुन्या शहरांत, जिथे गरीब आणि विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबे दाटीवाटीने राहतात, तिथल्या घरांच्या भिंतींना आणि खिडक्यांना एके काळी शिसे मिसळलेला रंग दिलेला असे. रंग जुना झाला की त्याचे पापुद्रे सुटतात, खिडकी उघडता-मिटताना त्याची भुकटी होते आणि ती जमिनीवर साचते. रांगते मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिसे रक्तात जाते. अंगावर पुरळ उठत नाही, ताप चढत नाही, त्यामुळे आईला काही कळत नाही. कळते ते मूल शाळेत जाऊ लागल्यावर. त्याचे लक्ष लागत नाही, ते मागे पडते, मास्तर म्हणतात पोरगे मठ्ठ आहे. घरांसाठी असा रंग वापरण्यावर तिथे १९७८ साली बंदी आली. पण भिंतीवर चढलेला रंग कायद्याने थोडाच उतरतो?

लहान मुलाच्या रक्तात किती शिसे सापडले म्हणजे धोक्याची घंटा वाजवायची, याचा एक आकडा सरकारी आरोग्य यंत्रणेने ठरविलेला असतो. हा आकडा ठरविताना सरकार एका सल्लागार समितीचे मत घेत असे. १९९१ पासून तो आकडा शंभर मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम असा होता. तो आणखी खाली आणावा की नाही, याची चर्चा चालू असतानाच, २००२ साली, आरोग्य खात्याचे मंत्री टॉमी थॉम्प्सन यांच्या कारकिर्दीत समितीवरच्या नेमणुका झाल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी सुचविलेली काही नावे बाजूला ठेवण्यात आली आणि नव्याने पुढे आलेल्या नावांत शिसे उद्योगाशी संबंध असलेली माणसे निघाली. त्यांपैकी एकाने तर रंग कंपन्यांच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून जबानी दिलेली होती. संसद सदस्य एडवर्ड मार्की यांनी त्याच वर्षी अहवाल काढून हे सारे चव्हाट्यावर आणले. रक्तातल्या शिशाचा १० चा आकडा पुढे दहा वर्षे हलला नाही. २०१२ साली तो ५ वर आला आणि २०२१ साली ३.५ वर. मधल्या काळातल्या सगळ्या दिरंगाईचे खापर एका समितीवर फोडणे बरोबर होणार नाही. पण त्या दहा वर्षांत ज्या लेकरांच्या रक्तात ६, ७, ८ मायक्रोग्रॅम शिसे होते, त्यांच्या आयांना सरकारी आकड्याने काही सांगितले नाही, हे तर खरे.

वाचक बंधू-भगिनींनो, अमेरिकेतल्या समितीचे आपल्याला काय करायचे आहे, असे तुम्ही म्हणाल. पण ही गोष्ट आपल्या अनुभवाला परकी नाही. वस्तीतल्या रेशन दुकानावर देखरेख ठेवण्यासाठी दक्षता समिती नेमली आणि तिच्यावर दुकानदाराच्या भावालाच बसविले, तर गव्हाच्या पोत्याचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फरक एवढाच की रेशन दुकानदाराचा भाऊ कोण आहे हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. देशाच्या राजधानीतल्या समितीत कोण कोणाचा भाऊ आहे, हे कळण्याची सोय कुणीतरी मुद्दाम करावी लागते. ती सोय करण्याचा अमेरिकेने जो प्रयत्न केला, त्यात तो कुठे फसला आणि कुठे त्याला वाट सापडली, ते समजून घेण्यासारखे आहे.

सरकारला सगळ्याच विषयांतले कळते असे नाही. औषधे, विमाने, जंगले, लसी, परदेश व्यापार, प्रत्येकाचे जाणकार बाहेर असतात. त्यांना बोलावून समिती नेमायची आणि त्यांचा सल्ला घ्यायचा, ही पद्धत जगभर आहे. समितीला हुकूम काढण्याचा अधिकार नसतो, ती फक्त सल्ला देते. पण ज्याने कचेरीत टिपणीवर टिपणी चढताना पाहिली आहे, त्याला ठाऊक असते की फाइलीवर पहिले टिपण ज्याचे, त्याच्याच वळणाने पुष्कळदा शेवटची सही होते. अमेरिकेत या समित्यांसाठी १९७२ साली कायदा झाला. समितीवरील सदस्यांत निरनिराळ्या दृष्टिकोनांचा समतोल असावा, नेमणाऱ्याचा किंवा कुणा हितसंबंधी गटाचा तिच्यावर गैरवाजवी प्रभाव पडू नये, बैठकीची सूचना आधी राजपत्रात यावी, बैठक सामान्यतः लोकांना खुली असावी, तिचे इतिवृत्त ठेवले जावे, अशा त्याच्या अटी आहेत. समितीची मुदत दोन वर्षांची. नूतनीकरण झाले नाही तर ती आपोआप संपते. ओबामांच्या काळात अशा समित्या हजाराच्या आसपास आणि त्यांवरचे सदस्य साठ हजारांच्या घरात होते.

आता दुसरा शब्द, लॉबिस्ट. लॉबी म्हणजे विधिमंडळाचे दालन. तिथे आमदार-खासदारांना गाठून आपल्या मालकाचे काम पटवून देणारा पगारी माणूस तो लॉबिस्ट. आपल्याकडे त्याला दलाल म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत हा उघड धंदा आहे आणि त्याला घटनेचा आधार आहे. १७९१ साली झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने नागरिकाला सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला, आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडणे हेही त्यातच धरले जाते. गाऱ्हाणे मांडणारे सगळेच धनदांडग्यांचे नोकर असतात असेही नाही. कामगार संघटनांचे, पर्यावरणवाद्यांचे, मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांचेही लॉबिस्ट असतात. सरकारचे म्हणणे एवढेच की, बाबा, तू हे काम करतोस ना, मग नाव नोंदव. १९९५ च्या कायद्याने ही नोंदणी सक्तीची झाली. २००७ साली कायदा आणखी कडक झाला. अशील कोण, विषय कोणता, पैसा किती, हे दर तीन महिन्यांनी लिहून द्यावे लागते आणि ते कुणालाही पाहता येते. कायदा मोडणाऱ्यास दोन लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

या नोंदणीत एक भोक आहे आणि पुढचे सगळे रामायण त्या भोकातूनच घडले. एखाद्या अशिलासाठी तीन महिन्यांत केलेल्या कामापैकी २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगमध्ये गेला, तर त्या माणसाला नाव नोंदवावे लागत नाही. म्हणजे आठवड्याच्या पाच दिवसांपैकी एक पुरा दिवस मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविणारा तो लॉबिस्ट. आणि त्याच कंपनीचा जो मोठा साहेब महिन्यातून एकदा मंत्र्यासोबत जेवतो आणि जेवणाअखेर काम सांगतो, तो लॉबिस्ट नव्हे! अमेरिकी सिनेटमधील बहुमत पक्षाचे एके काळचे नेते टॉम डॅश्ल हे सिनेट सोडल्यावर २००५ पासून मोठ्या वकिली कंपन्यांत धोरणविषयक सल्लागार होते. लॉबिस्ट म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले २०१६ साली. त्यांनी कायदा मोडला असे नव्हे. कायदाच तसा आहे.

बराक ओबामा २००९ साली राष्ट्राध्यक्ष झाले ते राजधानीतल्या या मंडळींचा प्रभाव मोडून काढण्याचे आश्वासन देऊन. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांच्या कार्यालयाने जाहीर केले की, नोंदणीकृत लॉबिस्टांना सरकारी सल्लागार समित्यांवर नेमू नये. १८ जून २०१० रोजी राष्ट्राध्यक्षांचा तसा लेखी आदेश निघाला. जे आधीपासून समितीवर होते त्यांनी मुदत पुरी करावी, पण पुन्हा नेमणूक नाही. नव्याने कुणाला घ्यायचे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे तपशीलवार नियम छापले गेले. ज्याचा धंदाच सरकारवर दबाव आणण्याचा, त्याला सरकारी खुर्ची देऊन आणखी बळ का द्यायचे, असा त्यामागचा विचार. ऐकायला सरळ आणि मनाला पटणारा. कष्टकरी माणसाने टाळी वाजवावी असाच.

पण नियमाची कुऱ्हाड कुणावर पडली ते पाहा. ज्यांनी प्रामाणिकपणे नाव नोंदविले होते, त्यांच्यावर. कामगार संघटनेचा जो कार्यकर्ता कायद्याला भिऊन वा कायद्याचा मान राखून वहीत सही करतो, तो अपात्र. ज्या कंपनीचा लॉबिस्ट समितीतून गेला, तिच्यासमोर मात्र दार उघडेच. तिने लॉबिस्टाच्या जागी आपला उपाध्यक्ष पाठवायचा, म्हणजे झाले. मोठ्या कंपनीकडे उपाध्यक्ष डझनांनी असतात. लहान संघटनेकडे विषय जाणणारा माणूस एकच, आणि सरकारदरबारी बोलणारा तोच. त्याचे नाव वहीत आले की संघटनेची खुर्चीच गेली. शिवाय नाव नोंदवणाऱ्याचेच नुकसान होते हे दिसल्यावर माणूस काय करणार? वहीतून नाव काढून घेण्याची वाट शोधणार. जी वही लोकांना सत्य कळावे म्हणून उघडली, ती अशा नियमाने पातळ होण्याचीच शक्यता अधिक.

खरा गोंधळ झाला तो परदेश व्यापाराच्या समित्यांवर. १९७४ च्या व्यापार कायद्यानुसार पोलाद, कापड, रसायने-औषधे, बौद्धिक संपदा अशा विषयांवर उद्योगांच्या सल्लागार समित्या आहेत. त्या वेळी त्या १६ होत्या. सदस्यांना मानधन नाही, प्रवासखर्चही नाही. तरी तिथे जागा मिळविण्यासाठी धडपड असते, कारण दुसऱ्या देशांशी चाललेल्या करारांचे गुप्त मसुदे त्यांना वाचायला मिळतात. १९७२ च्या कायद्यातला खुल्या बैठकीचा नियमही या समित्यांना बहुतांशी लागू नाही. जो मसुदा सामान्य अमेरिकी नागरिकाला पाहता येत नाही, तो औषध कंपनीच्या माणसाला पाहता येतो. औषधाच्या पेटंटची मुदत किती वाढवायची, स्वस्त औषध बाजारात यायला किती वर्षे अडवायचे, अशी कलमे या मसुद्यांत असतात. ती ज्या देशांच्या गळ्यात पडतात, तिथल्या रोग्यांना अशी समिती असते हेसुद्धा ठाऊक नसते.

या समित्यांवरून दूर ठेवले गेलेले सहा नोंदणीकृत लॉबिस्ट २०११ साली न्यायालयात गेले. गाऱ्हाणे मांडणे हा माझा घटनादत्त हक्क आहे, तो बजावला म्हणून सरकार मला समितीवरून कसे वगळू शकते, हा त्यांचा सवाल. खालच्या न्यायालयाने २०१२ साली दावा फेटाळला. १७ जानेवारी २०१४ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला. निकालपत्र न्यायमूर्ती डेव्हिड टेटल यांनी लिहिले. हे न्यायमूर्ती अंध होते आणि न्यायाधीश होण्यापूर्वी नागरी हक्कांच्या चळवळीतले वकील म्हणून त्यांनी नाव मिळविलेले होते. एखादी सवलत देताना सरकार हक्क सोडण्याची अट घालू शकत नाही, हे जुने तत्त्व त्यांनी पुढे ठेवले आणि प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठविले. जाताना त्यांनी सरकारपुढे जो प्रश्न ठेवला, तो कुणाही शहाण्या माणसाला सुचावा असा आहे. या समित्या मुळात उद्योगांचे म्हणणे ऐकण्यासाठीच नेमल्या आहेत. मग कंपनीचा नोंदणीकृत लॉबिस्ट चालत नाही आणि त्याच कंपनीचा नोंद नसलेला नोकर चालतो, यात फरक तो काय?

सरकारने खालच्या न्यायालयात उत्तर देण्याऐवजी नियमच बदलला. १३ ऑगस्ट २०१४ रोजी सुधारित नियम छापून आले. समितीवर माणूस दोन नात्यांनी बसू शकतो, हे त्यात स्पष्ट केले. एक, स्वतःच्या बुद्धीने, कुणाचीही बाजू न घेता सल्ला देणारा तज्ज्ञ म्हणून. दुसरा, एखाद्या उद्योगाचा, कामगार संघटनेचा, पर्यावरण गटाचा, किंवा राज्य वा स्थानिक सरकारचा प्रतिनिधी म्हणून. लॉबिस्टांवरची बंदी पहिल्या प्रकाराला लागू राहिली, दुसऱ्याला नाही.

काहींनी याला माघार म्हटले. कंपन्यांचे लॉबिस्ट पुन्हा खुर्चीत बसणार हे उघड होते आणि ते आनंदाने सांगण्यासारखे नाही. तरीही, या लेखकाच्या मते, नवा नियम जुन्यापेक्षा बरा होता. कारण तो माणसाला विचारतो, तू इथे कोणाच्या वतीने बोलतो आहेस? मालकाचा माणूस मालकाच्या बाजूला, मालकाचा बिल्ला लावून बसला, तर त्याचे बोलणे किती मोलाचे धरायचे ते ऐकणाऱ्याला कळते. कामगाराचा प्रतिनिधी समोर बसून त्याला उत्तर देऊ शकतो. धोका असतो तो बिल्ला खिशात लपवून तज्ज्ञाच्या खुर्चीत बसणाऱ्याचा. शिशाच्या समितीत झाले ते हेच. तिथे आलेले लोक डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते. ओबामांचा नियम २००२ साली असता, तरी लॉबिस्टांची वही तपासून त्यांना अडविता आले नसते.

आणि हा बिल्ला लपविण्याचा, किंवा सोयीने बदलण्याचा, खेळ सरकारी खातीही खेळत असतात. तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या सदस्याला काही काळापुरता सरकारी नोकर समजले जाते. त्याला आपले शेअर, उत्पन्न, नोकऱ्या यांचे विवरण द्यावे लागते आणि हितसंबंधांच्या फौजदारी कायद्याच्या कक्षेत तो येतो. प्रतिनिधीला यातले काही लागू नाही, कारण तो बाजू घेणारच हे गृहीत आहे. तेव्हा युक्ती अशी की, स्वतंत्र सल्ला तर हवा, पण विवरणाची कटकट नको, म्हणून तज्ज्ञाला कागदावर प्रतिनिधी म्हणून दाखवायचे. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या हिशेब तपासणी कार्यालयाने एप्रिल २००४ च्या अहवालात काही खात्यांच्या याच पद्धतीवर बोट ठेवले होते. नेमणुकीच्या फॉर्मवर कुठल्या चौकटीत खूण केली, एवढ्यावर सगळे ठरते. कारकुनाच्या हातातली ती एक खूण!

हितसंबंधाचा नियम गरिबाच्या रक्षणासाठी असतो, पण तो उलट्या हातानेही वापरता येतो, हे २०१७ साली दिसले. पर्यावरण संरक्षण खात्याचे प्रमुख स्कॉट प्रुइट यांनी ऑक्टोबरमध्ये आदेश काढला की, खात्याकडून संशोधनासाठी अनुदान घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी खात्याच्या सल्लागार समित्यांवर बसू नये. कारण काय, तर त्यांचा निःपक्षपातीपणा. विद्यापीठात हवेतल्या धुराचा दम्याच्या मुलांवर काय परिणाम होतो ते मोजणारा प्राध्यापक सरकारी अनुदान घेतो, म्हणून तो पक्षपाती. आणि धूर सोडणाऱ्या कारखान्याच्या पगारावर असलेल्या शास्त्रज्ञाला तशी सरसकट बंदी नाही! चोर सोडून संन्याशाला सुळी देणे याहून वेगळे काय असते? न्यू यॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये हा आदेश रद्द ठरविला आणि खात्याने त्यावर अपील न करण्याचे ठरविले. पण मधल्या दोन-अडीच वर्षांत कित्येक जाणते शास्त्रज्ञ समित्यांबाहेर राहिले होते. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी लसीकरणाच्या सल्लागार समितीचे सर्वच्या सर्व १७ सदस्य एका फटक्यात काढून टाकले, तेव्हाही तोंडी शब्द हितसंबंधांचाच होता. एकेका सदस्याचा कागद तपासून दोषी कोण ते ठरविणे वेगळे आणि पाटी पुसून टाकणे वेगळे.

या साऱ्या वादात एक गोष्ट मागे पडते. खुर्चीवर कोण बसू नये याचा कीस दोन्ही बाजू काढत राहिल्या. कोणाला खुर्चीच मिळाली नाही, हे फारसे कुणी विचारले नाही. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने २०१४ साली व्यापारविषयक सल्लागार समित्यांच्या सदस्यांची मोजदाद छापली, तेव्हा सुमारे ८५ टक्के सदस्य उद्योगांचे व त्यांच्या संघटनांचे निघाले. उद्योगांना १६ समित्या, साऱ्या कामगार संघटनांना मिळून एक. लॉबिस्ट वगळा नाहीतर ठेवा, हे प्रमाण त्याने बदलत नव्हते. १९७२ च्या कायद्यातला समतोल शब्द कागदावरच राहिला होता.

तो शब्द जागा करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. इमारती लाकूड आणि कागद या दोन उद्योगांच्या व्यापार समित्यांवर सगळे सदस्य त्या त्या उद्योगाचेच होते. जंगल राखणाऱ्या संघटना सिएटलच्या न्यायालयात गेल्या. झाडे तोडण्याचा सल्ला देणाऱ्यांत झाडांच्या बाजूचा एक तरी माणूस नको काय, एवढेच त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने दोन्ही समित्यांवर पर्यावरणाचा किमान एकेक प्रतिनिधी नेमण्याचा हुकूम दिला. हा विजय छोटा दिसतो, पण एका माणसाला खुर्ची मिळाली म्हणजे बैठकीत बंद दाराआड काय चालते ते ऐकणारा एक परका कान तयार होतो. पुढे सार्वजनिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या मंडळींनी त्याच वाटेने जाऊन पाहिले. औषध, तंबाखू, मद्य यांचा व्यापार ठरविणाऱ्या समित्यांवर आरोग्याची बाजू मांडणारे कुणी असावे, अशी त्यांची मागणी. २००८ साली अपील न्यायालयाने त्यांना परत पाठविले. समतोल म्हणजे नेमका किती आणि कसा, हे मोजण्याचे माप कायद्यात दिलेले नाही, तेव्हा न्यायालय ते ठरवू शकत नाही, असे उत्तर मिळाले. लॉबिस्टाला आपला हक्क बजावायला २०१४ साली दार उघडले. रोग्यांच्या बाजूने आलेल्यांसाठी २००८ साली ते बंद झाले होते. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून असतील. शेजारी शेजारी ठेवून वाचले की मात्र घशात काहीतरी अडकते.

आता आपल्या देशाकडे. डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत दोन दिवस गदारोळ झाला होता, तो जुन्या वाचकांना आठवत असेल. किरकोळ व्यापारात परदेशी भांडवल येऊ देण्याचा निर्णय त्याच वर्षी सप्टेंबरात झाला होता. कोपऱ्यावरचा वाणी, भाजीची हातगाडी, फेरीवाली बाई यांच्या पोटाचा तो प्रश्न होता. अशात बातमी आली की, वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सव्वाशे कोटी रुपये खर्च केले आणि ज्या अनेक विषयांसाठी केले त्यांत भारतातील गुंतवणुकीचाही उल्लेख होता. विरोधी पक्षांनी सभागृह डोक्यावर घेतले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. तो खर्च अमेरिकेतल्या खासदारांकडे आणि खात्यांकडे आपले म्हणणे मांडण्यासाठी होता, असा कंपनीचा खुलासा होता.

ही बातमी कुणा धाडसी पत्रकाराने तिजोरी फोडून आणलेली नव्हती. कंपनीनेच दर तीन महिन्यांनी भरून दिलेल्या कागदात ती होती. म्हणजे आपल्या फेरीवाल्या बाईच्या पोटावर कुणाचा डोळा आहे, हे आपल्याला कळले ते अमेरिकेतल्या नोंदवहीतून. ज्या वहीला भोक आहे असे वर लिहिले, तीच ती वही. त्याच कंपनीची वा आणखी कुणाची माणसे त्या वर्षांत दिल्लीत किंवा मुंबईत कुणाकुणाला भेटली, हे पाहण्यासाठी अशी वहीच आपल्याकडे नव्हती. आजही नाही. लॉबिंगची नोंद सक्तीची करावी असे एक खासगी विधेयक २०१३ साली ओडिशाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी लोकसभेत आणले. त्याचा कायदा झाला नाही.

संसदेच्या समित्यांपुरता एक नियम आपल्याकडे आहे. समितीसमोर आलेल्या विषयात एखाद्या खासदाराचा वैयक्तिक वा आर्थिक हितसंबंध असेल, तर त्याच्या सदस्यत्वावर हरकत घेता येते आणि लोकसभा अध्यक्ष त्याचा निर्णय देतात. पण खात्याखात्यांतून ज्या सल्लागार समित्या, अभ्यासगट, तज्ज्ञ मंडळे नेमली जातात, त्या सगळ्यांना बांधणारा, १९७२ च्या अमेरिकी कायद्यासारखा एकच कायदा आपल्याकडे नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. त्याखाली अर्ज करून एखाद्या समितीवरील सदस्यांची नावे, नेमणुकीचा आदेश आणि बैठकीचे इतिवृत्त मागता येते. केंद्र सरकारच्या खात्यासाठी अर्जाची फी दहा रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. नावे मागताना त्यापुढे एक ओळ वाढवावी: प्रत्येक सदस्य तज्ज्ञ म्हणून नेमला आहे की कुणाचा प्रतिनिधी म्हणून, आणि प्रतिनिधी असल्यास कुणाचा, हे दर्शविणारा कागद उपलब्ध असल्यास त्याची प्रत द्यावी.